तापलेल्या चाकावर तांब्याभर पाणी

गाडीचे ब्रेक भट्टीसारखे तापलेले असताना मी त्यांच्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं. हातून सांडलं नाही, कुणी धक्का दिला नाही. दोन्ही हातांनी, बारीक धार धरून, चेहरा प्रसन्न ठेवून ओतलं. मी तेव्हा अकरावीला भौतिकशास्त्र शिकवत होतो. अजूनही शिकवतो, आणि उष्णतेचं प्रकरण दरवर्षी माझ्याच वाट्याला येतं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती का तडकते, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावतो. आकृती चांगली येते माझी.

हे घडलं कसं, ते सांगायचं तर आधी गाडीचं सांगायला पाहिजे, आणि गाडीचं सांगायचं म्हणजे घरातली एक जुनी जखम उघडी करणं आलं. जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट. घरात माणसं चार. आमच्या बिल्डिंगीत लोकांनी एकेक करून मोठ्या डिकीच्या, पाचजणांच्या गाड्या आणल्या. मी दोन वर्षं शोधाशोध करून पुण्याहून एक जुनी जपानी गाडी आणली. दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली. बायको पार्किंगमध्ये आली, एक फेरी मारली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "पोरं कुठं बसायची? टपावर?" टप कापडी होता, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

अशा गाडीचं चाक उघडं-उघडं असतं, आतलं सगळं दिसतं. आत लोखंडाची एक मोठी थाळी चाकाबरोबर फिरते. त्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारं जे धूड असतं त्याला कॅलिपर म्हणतात. ब्रेक दाबला की कॅलिपर थाळीला आवळतो आणि गाडी थांबते. सगळी पळती गाडी त्या चिमटीत थांबते म्हटल्यावर ती चिमटी तापणारच. हे मला पाठ होतं. गतिज ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर, गुण दोन.

मोटारींच्या चित्रांत भारी गाड्यांचे कॅलिपर पिवळेधमक असतात. माझे गंजकट, राखाडी. मी एका रविवारी खिडकीच्या गजांना लावून उरलेला पिवळा रंग काढला आणि चारही कॅलिपर रंगवले. वाळल्यावर लांब उभा राहून बघितलं. गाडी एकदम दुप्पट पळेल अशी दिसायला लागली.

पळवायची जागाही मिळाली होती. सांगोल्याच्या अलीकडं एक बागायतदार होता. त्याची दहा एकरांची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली. लोक पुन्हा झाडं लावतात. ह्यानं त्या रानात सव्वा किलोमीटरचा वळणावळणाचा डांबरी ट्रॅक काढला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, पण रविवारी आसपासच्या शहरांतून हौशी लोक गाड्या घेऊन यायला लागले. सगळे त्याला मालक म्हणायचे. ट्रॅकच्या तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांची डाळिंबं, चौथ्या बाजूला पत्र्याची एक रिकामी शेड आणि एक कडुलिंबाचं झाड. फुलोऱ्याच्या दिवसांत तिथं वळण घेताना डोळ्यांच्या कडेला लाल-लाल ठिपके धावायचे. आता इतक्या वर्षांनी गाडीचा वेग आठवत नाही, ते ठिपके मात्र आठवतात.

पहिल्याच रविवारी, तिसऱ्या फेरीला, माझ्या पिवळ्या कॅलिपरमधून धूर निघाला. चौथ्या फेरीला ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ लागलं आणि पाचव्या फेरीला ते सरळ तळाला गेलं. ब्रेकचं तेल आत उकळलं होतं. गाडी वळण सोडून, कुंपणाची एक तार घेऊन, शेडशेजारच्या नांगरटीत शिरली आणि तिथं आपणहून थांबली. मालक चालत आले. आत बघितलं. "सर, लागलं का?" म्हणाले. "नाही." "मग उतरा की. ढेकळं भिजवायचीत."

त्या फजितीनं मला मिस्त्री भेटले.

सोलापुरात जुन्या गिरणीमागच्या एका बोळात त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने; प्रत्येक पान्यामागं भिंतीवर त्याच्याच आकाराचा काळा डाग. वय साठीला आलेलं, अंगानं काटक, डोक्याला मळकट पांढरी टोपी. घराणं मेंढरं राखणारं, गाव सांगोल्याजवळचं. विशीच्या आतच ते घर सोडून एका घाटाच्या पायथ्याला ट्रकच्या गॅरेजात लागले. तिथं घाट उतरून आलेल्या ट्रकचे ब्रेक बघायचे, एवढंच काम त्यांनी दहा वर्षं केलं. नंतर सोलापूर. बायको गावाकडं मेंढरांपाशी, हे इकडं. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं जायचे, सोमवारी पहिल्या एसटीनं यायचे. सगळा संसार असा एसटीत गेला, असं ते म्हणायचे, पण तक्रार म्हणून नाही. कुणी 'माझं शिक्षण बार्शीत झालं' म्हणावं तसं.

मी गाडी दाखवली तेव्हा ते चाकापाशी उकिडवे बसले आणि कॅलिपरवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ह्यो रंग कुनी लावला?"

"मीच. चुकलं. घासून काढा."

"घासू नगा. ब्येस रंग हाय."

मला वाटलं टोमणा आहे. तसं नव्हतं. चांगला, उष्णता सोसणारा रंग लावला की आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा खिडकीचा रंग हलका, त्यामुळं तो सगळं सांगून टाकतो. त्यांनी मला एकेक कॅलिपर दाखवला. मागचे दोन हरभऱ्याच्या डाळीसारखे झालेले, म्हणजे तापले पण सुखात. पुढचा डावा गुळाच्या रंगावर गेलेला. पुढचा उजवा करपल्या भाकरीसारखा. "ही डाळ हाय तवर पळवायची. गूळ झाला की वाईच दम खायाचा. भाकर करपली की घरी जायाचं." अंश सेल्सिअसमध्ये मी आजवर जे शिकवलं त्याच्यापेक्षा हे सोपं होतं.

मग दोन महिने माझी प्रत्येक संध्याकाळ त्या बोळात गेली. कॉलेज सुटलं की मी तिकडं. बायको म्हणायची, "गॅरेजातच हजेरी लावत जा, तिथं तरी वेळेवर जाल." मिस्त्रींनी ब्रेकचं तेल बदललं, लवकर न उकळणारं घातलं. पुढच्या दोन्ही थाळ्या बदलल्या आणि थाळीला घासणारे, जास्त ताप सोसणारे ब्रेक पॅड मागवले. आणि मला आजही ज्याचं कौतुक वाटतं ते काम केलं: डाळिंबावर औषध मारायच्या ब्लोअरचा जाड, वळ्यावळ्यांचा पाइप आणून, पुढच्या बंपरच्या फटीतून थेट थाळीच्या मधोमध नेऊन सोडला. गाडी पळाली की वारा पाइपात शिरणार आणि थाळीला आतून गार करणार. कापायच्या आधी पाइप तोंडाला लावून त्यांनी माझ्या कानात फुंकर मारली. "कसं वाटतंय?" "गार." "तिला बी तसंच वाटंल."

आणि नियम सांगितले. नियम त्यांनी एकदाच सांगितले, कारण मी मास्तर आहे म्हटल्यावर दुसऱ्यांदा सांगायची गरज नाही, अशी त्यांची समजूत होती. शेवटची फेरी निवांत मारायची, ब्रेकला पाय न लावता, वाऱ्यावर गार होऊ द्यायची. थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, नाहीतर तापल्या थाळीला पॅड चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड लावायचा. आणि पाणी लांब ठेवायचं. "पळवून आनलेलं मेंढरू आन गाडी सारकीच, मास्तर. आल्या आल्या पानी दावायचं न्हाय. घाटाखाली किती डरायव्हर बगितले म्या, बादली मारायचे बिरेकच्या डरमवर. तडाक् करून वाजायचं." मी मान हलवली. मान हलवण्यात मी हुशार आहे, विद्यार्थ्यांकडूनच शिकलो.

त्याच दिवसांत बोळातल्या जागेच्या मालकानं मिस्त्रींना जागा सोडायला सांगितलं. तिथं बिल्डिंग होणार होती. मिस्त्री मला बोलले नाहीत. खिळ्यांवरचे पाने कमी व्हायला लागले तेव्हा मी विचारलं. "कुटं जाणार?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली. "बगू," म्हणाले.

मला एकदम ट्रॅकवरची ती रिकामी पत्र्याची शेड आठवली. ट्रॅकच्या मालकांना तिथं ब्रेकचं काम जाणणारा कायमचा माणूस हवाच होता. मिस्त्रींचं घर तिथून दोन मैलांवर. मी दोघांची गाठ घालून दिली. मालक सरळ माणूस. म्हणाले, "मिस्त्री, तुमी ट्रकवाले. ह्या गाड्या नाजूक. एक दिवस ही सरांची गाडी तुमच्या ब्रेकवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवून दाखवा. पेडल मऊ पडता कामा न्हाय, स्टेअरिंग थरथरता कामा न्हाय. जमलं तर शेड तुमची, काम तुमचं."

परतीच्या वाटेवर मिस्त्री म्हणाले, "जमलं तर सांजच्याला घरी जेवाय जाता यील." चाळीस वर्षं माणूस एवढ्याच गोष्टीसाठी थांबला होता, हे मला तेव्हा कळलं.

तो रविवार उजाडला. मिस्त्री त्या शनिवारी गावी गेलेच नव्हते. गाडीत माझ्याशेजारी मिस्त्री बसले आणि बायको एसटीनं आली. हे वाक्य मी घरात कधीही उच्चारत नाही. मागं जागा नव्हती, कारण मागच नव्हतं, आणि पायांपाशी मिस्त्रींनी एक जड गोणपाट ठेवलं होतं, त्यात काय आहे ते सांगितलं नाही. वाटेत एक मेंढरांचा कळप आडवा आला. मी हॉर्नवर हात नेला तसा त्यांनी माझा हात धरला. "थांबा. आमच्या साडूची हायत." कळप जाईपर्यंत ते काच खाली करून मेंढक्याशी बोलत राहिले. कुणाच्या मेंढीला काय झालं, कुणाची लोकर कधी कातरली. मला घाई होती. आज वाटतं, त्या कळपानं आणखी अर्धा तास घ्यायला हवा होता.

सकाळच्या दोन्ही खेपा नामी गेल्या. प्रत्येक खेपेआधी मिस्त्री बोटानं प्रत्येक कॅलिपरवर पिवळ्या रंगाचा ताजा टिळा लावायचे, आणि गाडी येऊन थांबली की टिळ्याचा रंग बघायचे. डाळ. पुन्हा डाळ. ब्लोअरचा पाइप काम करत होता. मालकांकडं तापमान मोजायची बंदूक होती; ते लांबून थाळीवर लाल ठिपका पाडून आकडा वाचायचे आणि त्यांनी आकडा सांगायच्या आधीच मिस्त्री टिळा बघून म्हणायचे, "सुखात हाय." मालक मान डोलवायला लागले होते.

दुपारच्या खेपेआधी मिस्त्री म्हणाले, "तुमी मारून या. आमच्या घरनं भाकऱ्या यायच्यात, म्या घिऊन येतो." त्यांच्या बायकोनं सगळ्यांसाठी जेवण केलं होतं. मालकांची मोटारसायकल घेऊन ते गेले. जाताना त्यांनी टोपी झटकून नीट घातली.

त्या खेपेला मी आयुष्यातली सगळ्यात चांगली फेरी मारली. खरंच सांगतो, पुन्हा कधी तशी जमली नाही. मालकांनी घड्याळ दाखवून हात वर केला आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. निवांत फेरी मारायची ती मी मारलीच नाही. थेट धुरळा उडवत शेडपुढं येऊन थांबलो, कचकन हँडब्रेक ओढला आणि उतरलो. दोन नियम गेले.

शेडपुढं मालकीणबाई आल्या होत्या. ही गाडी आज त्यांच्या दारात खऱ्या अर्थानं पहिल्यांदाच आली, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. आमच्याकडं नवी गाडी दारात आली, नवी बैलजोडी आली, की तुकडा ओवाळून टाकतात आणि चाकावर, बैलाच्या पायांवर पाणी घालतात. माझी आईही घालायची. मालकीणबाईंनी तुकडा ओवाळून टाकला आणि तांब्या घेऊन पुढं झाल्या, पण त्यांना ती धगधगती गाडी बघून जरा भीती वाटली. "वाफा मारतीय की हो," म्हणाल्या.

समजूतदार माणूस तिथं थांबला असता. मी म्हणालो, "द्या इकडं, वहिनी. मान माझाच आहे."

आणि पुढच्या उजव्या चाकाच्या आत धार धरली.

आवाज आला. फोडणीत पाणी पडल्यावर येतो तसा, पण गावजेवणाच्या कढईएवढा. वाफेचा लोट माझ्या चष्म्यावर आला. त्या वाफेच्या आत, अगदी बारीक, 'टिक्' असा आणखी एक आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला. मी उरलेलं पाणी डाव्या चाकाला न घालता जमिनीवर ओतलं, आणि तांब्या मालकीणबाईंना परत दिला. त्यांनी हळदकुंकू लावलं. मी नमस्कार केला. माझ्यामागं उभी असलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, त्यांनी पाणी नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"थोडंसंच होतं," मी म्हणालो.

मिस्त्री भाकऱ्या घेऊन आले. लिंबाखाली पंगत बसली. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मटणाचा झणझणीत रस्सा, कांदा बुक्कीनं फोडलेला. मिस्त्री टिळा बघायचा सोडून स्वतः वाढत होते. मला पहिल्यांदा, कारण गाठ मी घालून दिली होती. "खावा, मास्तर. लाजू नगा." मला वाटलं आता सांगावं. मग वाटलं, जेवताना कशाला. मी तिसरी भाकरी घेतली. मनात चोर असला की मला भूक लागते, हे माझं जुनं दुखणं आहे. बायको माझ्याकडं बघत होती. रस्सा वाढायच्या निमित्तानं माझ्याजवळ येऊन ती पुटपुटली, "सांगा की त्यांना." मी म्हणालो, "बघू, कदाचित काही झालं नसेल." भौतिकशास्त्राच्या शिक्षकानं उच्चारलेलं हे वाक्य कृपया कुणी अकरावीच्या वर्गात सांगू नये.

जेवणानंतर मालक म्हणाले, आता मी चालवतो, सर तुमी शेजारी बसा. पहिलं लांब सरळ अंतर, मग डाव्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला. स्टेअरिंग त्यांच्या हातात थरथरायला लागलं. दुसऱ्या वळणाला जास्त. तिसऱ्याला माझे दात वाजले. काही ब्रेकमुळं, काही आपणहून. मालकांनी गाडी हळू केली, उरलेली फेरी शिस्तीत मारली, शेडपुढं आणून गिअरमध्ये ठेवली आणि स्वतः दगड लावला. त्या एका दगडानं मला जेवढी लाज वाटली तेवढी कुणाच्या बोलण्यानं वाटली नसती.

"मिस्त्री, थरथरतीय."

"आसं व्हनार न्हाय," मिस्त्री म्हणाले.

"मी चालवली की आत्ता. हातात मुंग्या आल्यात." मालकांचा आवाज वाईट नव्हता, पण त्यात निकाल होता. "राग मानू नगा. ट्रकचं काम वेगळं, ह्ये वेगळं."

मिस्त्रींनी पाने घेतले. जॅक लावला, चाक काढलं आणि उकिडवे बसले. मी त्यांच्यामागं उभा होतो, त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. माणूस स्वतःचीच चूक शोधत होता. पॅड चाचपले, बोल्ट हलवून बघितले, पाइपात बोट घालून बघितलं. मग थाळीवर नख फिरवलं. कडेपासून आत गेलेल्या केसासारख्या तीन रेषा. मग कॅलिपर बघितला. दुपारचा टिळा करपल्या भाकरीसारखा झालेला, आणि त्याच्या शेजारून, वरून खाली, एक पांढरा फटक ओघळ आलेला. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड. ते तापल्या लोखंडावर पडलं की पाणी उडून जातं आणि क्षार जागेवर राहतो. प्रत्येक घरातल्या पाणी तापवायच्या बंबात हाच थर असतो. मिस्त्रींनी तो ओघळ नखानं खरवडला, जिभेला लावला आणि थुंकले.

त्यांना कळलं होतं. ते वळून माझ्याकडं बघतील म्हणून मी श्वास धरून उभा होतो. ते वळलेच नाहीत. टोपी काढून कपाळ पुसलं आणि मालकांना म्हणाले, "थाळी गेलीय. तडा हाय."

"कशानं गेली?" मालकांनी विचारलं.

मिस्त्री गप्प.

खूपदा आठवते ती चुप्पी. त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचा अवकाश होता, 'मास्तरनं पाणी ओतलं,' आणि शेड त्यांची होती. पण गाठ मी घालून दिलेली, आणि त्यांच्या घरची भाकरी मी खाल्लेली. आपल्या पंगतीला जेवलेल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, ही त्यांची रीत. त्यासाठी हा माणूस घरचं संध्याकाळचं जेवण सोडायला निघाला होता. आणि मी, तीन भाकऱ्या खाऊन, त्या रीतीच्या आडोशाला उभा. मालक बंदूक खिशात ठेवून वळलेसुद्धा. बायकोनं मला कोपरानं ढोसलं, फासळीत, जोरात.

"मी पाणी ओतलं," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला. पुन्हा म्हणालो. "ह्यांनी सांगितलं होतं ओतू नका. मी आल्या आल्याच ओतलं. तांब्याभर. निवांत फेरी पण मारली नाही. हँडब्रेक पण ओढला."

मालक वळले. "तापल्यावर?"

"तापल्यावर."

"गार पाणी?"

"बोअरचं."

"सर, तुमी शिकवता काय कॉलेजात?"

"भौतिकशास्त्र."

"त्यात उष्णता नसती का?"

"असते. दहा गुणांना."

मालकीणबाई तोंडाला पदर लावून मागं वळल्या. मालक हसले नाहीत. त्यांनी मिस्त्रींकडं बघितलं. "तुमाला ठावं हुतं. बोलला का न्हाय?"

मिस्त्री म्हणाले, "त्ये बोलतील म्हनून वाट बगत हुतो. वाईच उशीर लावला त्येंनी."

मालक म्हणाले, दिवस अजून संपला नाही, पण थाळीच गेली म्हटल्यावर आता काय करणार? तेव्हा मिस्त्री गाडीत वाकले आणि ते जड गोणपाट ओढून काढलं. आत माझ्या गाडीच्या जुन्या दोन थाळ्या होत्या, बदलून टाकलेल्या. त्यांनी त्या लेथवर घासून, तेल लावून, कागदात गुंडाळून आणल्या होत्या. मी विचारलं, ह्या का आणल्या? म्हणाले, "ब्रेकवर इस्वास हुता."

माझ्यावर किती होता, ते मी विचारलं नाही.

तासाभरात त्यांनी दोन्ही पुढच्या थाळ्या बदलल्या. मी पाने द्यायला गेलो तर बायकोनं मला बाजूला काढलं आणि स्वतः पाने देत बसली. सोळा नंबर म्हटलं की सोळा नंबर, तिचं एकदाही चुकलं नाही. नव्यानं पिवळा टिळा लागला. ऊन कलतं झालं होतं, डाळिंबांच्या सावल्या ट्रॅकवर आडव्या पडल्या होत्या. शेवटची खेप मालकांनी मारली, एकटे. आम्ही सगळे लिंबाखाली उभे. प्रत्येक वळणाआधी मिस्त्री कान टवकारायचे. मेंढक्याला लांबून आपल्या मेंढीच्या गळ्यातली घंटा ओळखू येते म्हणतात, तसे ते ब्रेक ऐकत होते. दहा फेऱ्या झाल्या. मग अकरावी, निवांत, ब्रेकला पाय न लावता. गाडी जणू फिरायला निघाली होती. मालकांनी थांबवली, दगड लावला, उतरले. बंदूक काढली. मिस्त्रींनी आधी टिळा बघितला.

"डाळ," ते म्हणाले.

मालकांनी आकडा बघितला आणि बंदूक परत खिशात घातली. "स्टेअरिंग मांडीवर झोपलेल्या पोरागत शांत हाय," म्हणाले. मग शेडकडं हात करून, "हितं काय काय लागंल तुमाला, सांगून टाका. उद्या माणूस सोलापूरला धाडतो."

मिस्त्री शेडकडं बघत राहिले. पत्र्याच्या पलीकडं त्यांच्या गावाचा रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यावर संध्याकाळच्या मेंढरांचा धुरळा. डोळे बारीक करून त्यांनी तो धुरळा निरखला. कुणाची मेंढरं आहेत ते ओळखत असणार. मग बोटांवर मोजत सांगायला लागले.

"एक लेथ लागंल, ल्हान चालंल. हवेचा पंप. खड्डा म्या माझा खांदून घीन. ब्लोअरचा पाइप तुमच्याकडं हायेच."

"आणखी?"

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा, अगदी सावकाश, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"आन ह्या मास्तरला गाडी किती बी पळवू द्या. पर ती गार हुईस्तवर खाली उतरू दिऊ नगा."